डोंगरावरचा बोजा

२४ सप्टेंबर, रविवार

सकाळी प्रार्थनाघराची घंटा वाजवली. फादर महिन्यातून एकदाच येतात, त्यामुळे एरवी वाचनही मीच करतो. प्रार्थना आटोपून कपडे बदलले आणि डोंगरावर गेलो. शरदातल्या पौर्णिमेच्या सणाआधी पूर्वजांच्या थडग्यांवरचं गवत कापायचं असतं. आमच्या योम कुळातल्या अकरा घरांपैकी सात घरांची माणसं आली. चार यंत्रं होती, बाकीच्यांच्या हाती विळे.

हाक्दो काकांना आता चढवत नाही. ब्याऐंशी वर्षांचे आहेत, छाती भरते. पायथ्याच्या पर्सिमनच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते आणि तिथूनच ओरडत होते.

"ग्युसॉक, आजोबांची हजामत नीट कर रे! डाव्या कानामागे राहिलंय!"

"काका, तुम्हाला तिथून दिसतं?"

"मला दिसत नाही, त्यांना टोचतं. रात्री माझ्याकडे येऊन तक्रार करतात."

जेवताना दालहोदादांनी विषय काढला. ते ग्वांगजूला मुख्याध्यापक होते, निवृत्त झाले तरी बोलणं वर्गातलंच. म्हणाले, "डोंगर कुळाचा, पण नाव एकट्या ग्युसॉकचं. आजोबांनी थोरल्या काकांच्या, म्हणजे याच्या वडिलांच्या नावावर केला, त्यांच्यानंतर याच्या. पूर्वी सगळीकडे असंच करायचे. पण याची एकुलती एक मुलगी सोरा, तीही तिकडे सोलला. उद्या काय होईल सांगता येत नाही. आता कुळाच्या संस्थेच्या नावावर करून टाकू. चांद्र दहाव्या महिन्याच्या पूजेला मी उतारा घेऊन येतो, तिथेच सह्या."

सगळे हो म्हणाले. मीही म्हणालो.

त्या उताऱ्यावर काय आहे ते तिथे फक्त मला माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी किम वाळवायचं यंत्र घेतलं. समुद्रातलं शेवाळ कागदासारखं वाळवून देणारं मोठं यंत्र आहे, मच्छीमारांच्या सहकारी संस्थेने त्यासाठी कर्ज दिलं. अर्ज भरताना तिथल्या बांग साहेबांनी विचारलं, "आणखी काही आहे का नावावर?" मी म्हणालो, "घरामागचा डोंगर आहे." नावावर होता हे खरंच होतं. त्यांनी कागद पुढे केले, मी माझ्या नावाचा शिक्का उमटवला. बाहेर पडून बस थांब्यावर उभा होतो, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी काय गहाण टाकलं. परत जायला हवं होतं. तेवढ्यात बस आली आणि मी चढलो.

पूजा १९ नोव्हेंबरला आहे.

४ ऑक्टोबर, बुधवार

मच्छीमारांच्या संस्थेत गेलो. बांग साहेबांना म्हणालो, कर्ज फेडतोच आहे, एकही हप्ता चुकलेला नाही. फक्त डोंगरावरचा बोजा उतरवून माझ्या घरावर चढवा.

"तारण बदलायचं म्हणता. बदलता येतं की, योमदादा. आधी नवा बोजा चढला पाहिजे, मग जुना उतरतो. दोन्ही कागद एकाच दिवशी नोंदणी कार्यालयात जातात." त्यांनी संगणकात पाहिलं. "घर तुमच्या नावावर. जमीन मा ग्योंगनान. या कोण?"

"मंडळी."

"मग त्यांचा शिक्का लागेल. जमिनीशिवाय नुसत्या घराचं मी काय करू? हवेत लटकवू?"

शेजारच्या टेबलावरची मुलगी हसली. मीही हसलो. घर माझ्या नावावर आहे तर सोराच्या आईला न सांगता भागेल, असं मनात धरून गेलो होतो. घर आणि जमीन यांच्या नोंदी वेगवेगळ्या असतात हे मला माहीत होतं, तरी आशा केली.

ती जमीन तिची आहे. लग्नाआधी आणि नंतर मिळून बारा हिवाळे तिने दुसऱ्यांच्या शेडमध्ये कालवं फोडली आणि त्या पैशांतून ती घेतली. मी वर फक्त भिंती उभ्या केल्या.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

सोराची आई फ्लूची लस टोचून घ्यायला तालुक्याच्या कचेरीशेजारच्या दवाखान्यात गेली. उशिरा आली. संध्याकाळी तिची शिक्क्याची डबी उघडून टाचणीने खाचांतली जुनी लाल शाई काढत बसली होती. मी विचारलं तर म्हणाली, "बरेच दिवस राहून गेलं होतं." बायकांना कोणत्या दिवशी काय साफ करावंसं वाटेल सांगता येत नाही.

मला हवा तो शिक्का समोरच होता. सांगायला ही वेळ चांगली होती. सांगितलं नाही.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

काकांकडे भोपळ्याची खीर घेऊन गेलो. आता अंथरुणातच असतात. काकू उशा रचून त्यांना टेकवून बसवतात. मला पाहून म्हणाले, "आला, येशूचा घंटावाला आला."

"कसं आहे, काका?"

"मी बरा आहे. डोंगर कसा आहे?"

"आहे तिथेच आहे."

"आणि तुझं यंत्र?"

"पुढच्या महिन्यात सुरू करू. पहिलं शेवाळ येईल."

हल्ली रोज हेच असतं. आधी डोंगराची विचारपूस, मग यंत्राची. म्हाताऱ्या माणसाच्या मनात दोन-तीनच गोष्टी उरतात बहुधा.

मग म्हणाले, "दालहोचा फोन आला होता. म्हणत होता, उतारा आत्ताच काढून ठेवतो, संगणकावर मिळतो. मी झापला त्याला. म्हटलं, महिनाभराचा शिळा उतारा पितरांपुढे ठेवतोस? पूजेच्या आदल्या दिवशी काढ. मुख्याध्यापक झाला, पण अक्कल पाचवीतच राहिली."

देवाने कसा हात पुढे केला पाहा, आणि तोही काकांच्या तोंडून, जे उभ्या जन्मात प्रार्थनाघराची पायरी चढलेले नाहीत. मनातल्या मनात आभार मानले.

निघताना काका म्हणाले, "मला जायची घाई नाही. तू तुझं काम उरक, मग मी निघतो."

"कसलं काम, काका?"

"थोरल्या घरच्याला सतराशे कामं असतात. मला काय विचारतोस?"

त्यांची जागा ठरलेली आहे. आजोबांच्या खालच्या अंगाला, माझ्या वडिलांच्या डावीकडे. गवत कापताना मी तिथलं मुद्दाम जमिनीलगत कापलं होतं.

२ नोव्हेंबर, गुरुवार

आज सर्व मृतांचा दिवस. जपमाळ घेऊन डोंगरावर गेलो आणि प्रत्येक थडग्यापुढे नाव घेऊन प्रार्थना केली. एकोणीस नावं झाली. दरवर्षी करतो, मन हलकं होतं. यंदा प्रत्येक नावापुढे मला संस्थेचा शिक्का दिसत होता. यांतल्या कुणालाच मी विचारलं नव्हतं. जिवंतांना विचारलं नाही तेव्हा मेलेल्यांचं काय घेऊन बसलो म्हणा.

आईच्या थडग्यापाशी ठरवलं, सोराच्या आईला सांगायचं.

६ नोव्हेंबर, सोमवार

सांगितलं.

ती मागच्या शेडमध्ये कालवं फोडत होती. मी दारात उभा राहिलो. तिने वर न बघता म्हटलं, "बोला. हात कामात आहेत, कान मोकळे आहेत."

मी यंत्रापासून सुरुवात केली. मग डोंगर, मग उतारा, मग पूजा, शेवटी तिची जमीन. बोलत होतो तोवर आणि नंतरही तिची सुरी थांबली नाही. मी गप्प झाल्यावर तिने सात कालवं फोडली. मी मोजली, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते कळत नव्हतं.

"घरापासून ही शेड वीस पावलांवर आहे," ती म्हणाली. "सहा वर्षं लागली तुम्हाला."

"चुकलंच माझं."

"दरवर्षी त्या डोंगरावर मी मोठाली पातेली वाहून नेते. तुमच्या सगळ्या कुळाला वाढते. काकू म्हणतात, थोरल्या घरची सून म्हणजे डोंगराचा आधार. आणि मी मान खाली घालून ऐकते."

मग विचारलं, "मी नाही म्हटलं तर?"

"तर पूजेला सगळ्यांसमोर सांगेन."

"आणि हो म्हटलं तर नाही सांगणार?"



तिने हातमोजे काढले, घरात गेली आणि डबी घेऊन आली. डबीत शिक्का, आणि त्याखाली शिक्का तिचाच असल्याचा दाखला, तालुका कचेरीतून आणलेला. तारीख १२ ऑक्टोबर. लस टोचायला गेली होती त्या दिवशीची. त्या संध्याकाळी मी तिच्या दंडाकडे पाहिलंच नव्हतं.

"तुला केव्हापासून माहीत?"

"दरवर्षी संस्थेचं पत्र येतं. तुम्ही समुद्रावर असता तेव्हा पोस्टमन ते कुणाच्या हातात देतो?"

मग म्हणाली, "शिक्का घ्या, सही करते. पण जमिनीचा मूळ दस्त माझ्याकडेच राहील. ज्या दिवशी माझं मन होईल त्या दिवशी मीच नेऊन देईन."

"पूजा एकोणीसला आहे गं."

"मला पंचांग कळतं."

१० नोव्हेंबर, शुक्रवार

संस्थेत जाऊन दोघांनी सह्या केल्या, शिक्के उमटवले. घराचं आणि जमिनीचं मूल्यांकन झालेलं होतं, दोन्ही मिळून पुरतं. बांग साहेब म्हणाले, "वहिनी, मूळ दस्त?" सोराची आई म्हणाली, "सापडला की आणते." ते म्हणाले, नोंदणीचे कागद करणारे गृहस्थ सतरा तारखेला, शुक्रवारी, दोन्ही अर्ज दाखल करतील, तोवर दस्त त्यांच्या हातात हवा. त्यांचं दुकान नोंदणी कार्यालयाला लागूनच आहे.

बसमध्ये ती खिडकीकडे होती. सारा रस्ता समुद्र बघत आली. मी काही विचारलं नाही. तिची जमीन आहे. यंत्र बंद पडलं तर तिचं अंगण जाईल. डोंगर गेला असता तर अकरा घरांची मान खाली गेली असती, पण डोक्यावरचं छप्पर कुणाचंच गेलं नसतं. हे मी इतक्या दिवसांत एकदाही असं मांडून पाहिलं नव्हतं.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

काका पहाटे गेले. काकू म्हणाल्या, पाणी मागितलं, अर्धा घोट प्यायले आणि "पुरे" म्हणाले.

त्यांना मुलगा नाही, मुलगी होन्सुक बुसानला असते. त्यामुळे सुतकाची पट्टी माझ्या बाहीवर आली. तालुक्याच्या अंत्यविधी सभागृहात नेलं. तिसऱ्या दिवशी, म्हणजे सोळाला, पुरायचं. डोंगरावर.

सोळाला. आणि कागद जाणार सतराला.

दिवसभर लोक येत होते, मी वाकून नमस्कार घेत होतो आणि डोक्यात हेच दोन आकडे. काका गहाण पडलेल्या मातीत जाणार, एका दिवसाने. मला जागेवरून हलता येत नव्हतं. फोनही करता येईना, शेजारी कायम दालहोदादा.

संध्याकाळी बांग साहेब भेटायला आले. मी त्यांना बाजूला घेईन म्हणून पाहत होतो, तेवढ्यात सोराच्या आईने त्यांना कोपऱ्यातल्या टेबलावर बसवलं, मांसाचं तिखट सूप वाढलं आणि समोरच बसली. बराच वेळ त्यांना आग्रह करत होती. ते मान हलवत होते, मग त्यांनी फोन काढून कुणाशी तरी बोलून घेतलं. आग्रहाची पण हद्द असते. ते गेले तेव्हा माझ्याशी फक्त "काळजी घ्या" एवढंच बोलले.

१५ नोव्हेंबर, बुधवार

आज मला राग आला होता, तो लिहून ठेवतो.

दहाच्या सुमाराला मोठी गर्दी झाली. दोन गावांची माणसं एकदम आली आणि सोराची आई गायब. होन्सुक विचारते, वहिनी कुठे? काकू विचारतात. बायका भाताची भांडी घेऊन उभ्या, मुळ्याची किमची कुठे ठेवली ते कुणाला माहीत नाही. दालहोदादा म्हणाले, "थोरल्या घरची सून अशा दिवशी बाजारात गेली की काय?" मी मान खाली घातली.

बारा वाजून गेल्यावर ती आली. काळे सुतकी कपडे, केसांत पांढरी पिन, हातात सुक्या बोंबलांची पिशवी. स्वयंपाकघराकडे जाता जाता माझ्याजवळ थांबली. मी दातओठ खात म्हणालो, "कुठे होतीस? इथे माणसं..."

ती वाकली, माझ्या बाहीवरची पट्टी सरळ केल्यासारखं केलं आणि कानाशी म्हणाली, "मूळ दस्त दिला. अकरा वाजून वीस मिनिटांनी नोंदणी कार्यालयात आवक क्रमांक पडला. बोजा आधी माझ्या जमिनीवर चढला, मग डोंगरावरचा उतरला. बांग साहेब स्वतः आले होते. आता रडायचं असेल तर रडा, लोक बघताहेत."

आणि सूप वाढायला गेली.

मी रडलो. लोकांना वाटलं काकांसाठी. त्यांच्यासाठीही होतंच.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

काकांना पुरलं. खड्डा यंत्राने खणला, पण कडा आम्ही फावड्याने साफ केल्या. माती लाल आणि कोरडी होती. मी तीन मुठी टाकल्या. येशूची प्रार्थना मनात म्हटली. काका ऐकत असते तर म्हणाले असते, हळू म्हण, शेजारी आजोबा झोपलेत.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

नोंदणी कार्यालयात यंत्रातून डोंगराचा उतारा काढला. यंत्र विचारतं: फक्त चालू नोंदी, की रद्द झालेल्या नोंदींसह? मी बटणासमोर बराच वेळ उभा राहिलो. मागच्या बाईने विचारलं, "काका, चालवता येत नाही का?"

म्हटलं, "येतं." दुसरं बटण दाबलं.

संस्थेची नोंद आहे आणि तिच्यावर आडवी लाल रेघ आहे.

१९ नोव्हेंबर, रविवार

घरात नुकतंच सुतक पडलेलं, तरी पूजेत खंड नको असं ठरलं. सगळे गावातच होते. अकराही घरांची माणसं डोंगरावर आली. थडग्यांपुढे ताटं मांडली, पहिला पेला मी ओतला, वाकून नमस्कार झाले. काकांचं थडगं अजून कच्चं आहे, त्यावर गवताचे चौकोन नुसते टेकवलेत.

मग दालहोदादांनी चटईवर बसून उतारा वाचला. मालक, योम ग्युसॉक. बोजा, निरंक. म्हणाले, "पाहा, किती स्वच्छ आहे! आता सह्या."

त्यांनी चालू नोंदींचाच काढला होता.

कागद फिरू लागला. मी बायकांकडे पाहिलं. सोराची आई पातेल्यातून सूप काढत होती, माझ्याकडे पाठ. एकदाही वळली नाही. मी खिशातला माझा उतारा काढला आणि उभा राहिलो.

"दादा, हा पुरा उतारा आहे. हाही वाचा."

त्यांनी चष्मा चढवला. लाल रेघेवर बोट ठेवलं. "हे काय?"

मी सांगितलं. बस थांब्यापासून सगळं. मग एकजण म्हणाला, "सहा वर्षं आम्ही गहाणाचं गवत कापत होतो म्हणजे?" दुसऱ्याने शिवी दिली. ती मला लागू होती. दालहोदादांचा चेहरा उतरला होता, ते पुन्हा पुन्हा तारीख वाचत होते.

"उतरला कधी?"

"पंधराला."

"आणि काकांना सोळाला..."

"हो."

तेव्हा काकू हसल्या. नवऱ्याच्या ताज्या थडग्याशेजारी बसून मोठ्याने हसल्या. "म्हणजे म्हातारा मोकळ्या मातीत गेला! म्हणालाच होता, ग्युसॉक उरकेल, फक्त जरा हळू आहे." मग बायकांकडे वळून म्हणाल्या, "वाढा गं, सूप निवतंय."

काय उरकेल म्हणाले होते, हे मला विचारायचं राहिलं. बहुधा यंत्राचं.

जेवणानंतर दालहोदादांनी निकाल दिला. डोंगर कुळाच्या संस्थेच्या नावावर जाईल. आणि पुढची तीन वर्षं गवत ग्युसॉक एकट्याने कापेल, यंत्राशिवाय, विळ्याने.

"आणि बोजा गेला कुठे?" कुणीतरी विचारलं.

मी म्हणालो, "हिच्या जमिनीवर."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "बघताय काय? वाट्या पुढे करा."

२० नोव्हेंबर, सोमवार

पहिलं शेवाळ आलं. यंत्र सहा वाजता सुरू केलं, दहापर्यंत चांगलं चाललं. आवाजाकडे आज जरा जास्तच कान लावून होतो.

त्याआधी, यंत्राकडे निघताना, झाडू घेऊन अंगण झाडलं. बावीस वर्षं या घरात राहतोय, झाडू धरल्याचं आठवत नाही. सोराची आई शेडमधून बाहेर आली, हातमोजे घालता घालता उभी राहून बघत होती. मला वाटलं काही तरी बोलेल.

"कुंपणाकडचा कोपरा राहिला," ती म्हणाली.

तो झाडला.